मेथडला मालक असतो

परवा रविवारी रात्री जेवणं उरकून मी ओटा पुसत होते आणि मामेभावाचा फोन आला. तो नागपूरला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंटर्नशिपला स्पार्कवर (पुष्कळ मशीनवर पसरलेल्या मोठ्या डेटावर काम करायचं सॉफ्टवेअर) काम मिळालंय म्हणून गेले महिनाभर स्काला ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय, आणि घरात मीच एकटी हे काम करते त्यामुळे त्याचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात (मला आवडतं ते, त्याने असेच विचारत राहावं).

"ताई, एक विचारू? डेफ लिहून पण फंक्शन होतं आणि व्हॅल लिहून पण फंक्शन होतं, मग दोन दोन कशाला ठेवलेत? आमच्या ग्रुपमधे सगळे म्हणतात सेमच आहे, कुठलंही वापर."

मी म्हटलं अरे सेम नाहीये, अजिबात नाहीये, आणि मग अर्धा तास बोलले, पण फोनवर कोड सांगता येत नाही आणि त्याची बॅटरी पण संपत आली होती. नंतर झोपताना वाटत राहिलं की नीट सांगितलं गेलं नाही. हाच प्रश्न मला २०१८ मधे पडला होता, सहा वर्षं जावा करून मी स्कालाच्या प्रोजेक्टवर आले तेव्हा, आणि तेव्हा मलाही "सेमच आहे" हेच उत्तर मिळालं होतं आणि त्या उत्तरामुळे माझे दोन आठवडे गेले होते. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितेय. कोड पण देवनागरीतच लिहितेय, मोठ्याने वाचला तरी कळावा म्हणून.

तर आधी त्याच्या प्रश्नातल्या दोन ओळी (इंट म्हणजे पूर्णांक).

डेफ दुप्पट(क्ष: इंट): इंट = क्ष * २

व्हॅल तिप्पट = (क्ष: इंट) => क्ष * ३

दुप्पट(५) म्हटलं की १० येतात, तिप्पट(५) म्हटलं की १५ येतात. वापरताना दोन्ही अगदी सारखे दिसतात, कंसात आकडा द्यायचा आणि उत्तर घ्यायचं, त्यामुळे शिकणारा माणूस "सेमच आहे" म्हणाला तर त्याची काही चूक नाही, भाषेने मुद्दामच ते सारखं दिसेल असं ठेवलंय. पण पहिली ओळ ही मेथड आहे आणि दुसरी ओळ म्हणजे फंक्शन, तिप्पट नावाच्या डबीत ठेवलेलं.

शाळेतल्या गणितात फंक्शनला आपण फलन म्हणतो. एक आकडा आत गेला, एक बाहेर आला, बस. फलन कोणाचं आहे, कुठे राहतं, असले प्रश्न गणितात येतच नाहीत, क्ष चा वर्ग हा क्ष चा वर्गच, तो कुणाच्या मालकीचा नसतो. जावावाल्याला मात्र उलटी सवय असते, तिथे सगळं कुठल्यातरी क्लासच्या आतच लिहावं लागायचं, मोकळं असं काही लिहिताच यायचं नाही. क्लासच्या आत लिहिलं की ती मेथड झाली, आणि मेथड म्हटलं की तिला एक मालक आला, म्हणजे तो ऑब्जेक्ट ज्याला आतून "धिस" म्हणतात (स्टॅटिक मेथड तेवढ्या सोडून, त्यांचा मालक क्लासच). मी जावा करत होते तेव्हा मालक हा शब्द कधी डोक्यातच आला नाही कारण प्रत्येकाला मालक होताच.

आता त्याला मी सांगितलं की हे करून बघ, रेपलमधे (एकेक ओळ लिहून लगेच उत्तर बघायची जागा) जा आणि लिही

व्हॅल द = दुप्पट

स्काला २ मधे हे चालत नाही. एरर येते की मेथडला आर्ग्युमेंट दिलेले नाहीत, आणि पुढे त्याच एररमधे एक वाक्य असतं की नुसती मेथड दिली तर तिचं फंक्शन आम्ही तेव्हाच करू जेव्हा त्या जागी फंक्शनची अपेक्षा असेल. हे वाक्य मी सुरवातीला शंभर वेळा तरी बघितलं असेल आणि एकदाही नीट वाचलं नव्हतं, आपण एरर आली की पहिली ओळ वाचतो आणि सर्च करायला जातो. पण सगळं त्या वाक्यातच लिहिलेलं आहे. मेथड ही व्हॅल्यूच नाही. पाच ही व्हॅल्यू आहे, "पुणे" ही स्ट्रिंग व्हॅल्यू आहे, तिप्पट ही पण व्हॅल्यू आहे, तिला डबीत ठेवता येतं, यादीत टाकता येतं, दुसऱ्याला देता येतं. दुप्पटला नाही येत. दुप्पटला फक्त हाक मारता येते.

आणि तरी यादी.मॅप(दुप्पट) लिहिलं (मॅप म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर दिलेलं फंक्शन चालवणारी मेथड) तर ते बिनबोभाट चालतं! इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. मॅपला फंक्शन हवं असतं, कंपायलरला दिसतं की इथे फंक्शन अपेक्षित आहे आणि हिने मेथड दिलीय, तर तो गुपचुप मधे एक छोटं फंक्शन बनवतो, (क्ष) => दुप्पट(क्ष) असं, आणि ते मॅपच्या हातात देतो. या प्रकाराला इटा-एक्स्पान्शन म्हणतात. नाव भारी वाटतं पण ते ग्रीक अक्षर आहे फक्त, अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे फंक्शनचं गणित, मांडलं, त्यातल्या नियमांना अल्फा, बीटा, इटा अशी अक्षरं आहेत, तिथून आलंय. स्वतःहून करायचं असेल तर स्काला २ मधे मेथडच्या पुढे जागा सोडून अंडरस्कोर टाकायचा, दुप्पट _ असं. स्काला ३ मधे, जी मे २०२१ मधे आली, तो पण लागत नाही, वरची व्हॅल द = दुप्पट ही ओळ तिथे तशीच चालते. सोय झाली हे खरं, पण मला वाटतं नवीन शिकणाऱ्याचं थोडं नुकसान पण झालं, कारण ती एरर आता दिसतच नाही आणि एरर दिसली नाही की फरक आहे हेच कळायला मार्ग राहत नाही.

मला स्वतःला हे कळलं ते दळणावरून. आमच्या जुन्या घराच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. गिरणी म्हणजे मोटार, पट्टा, दगड, सगळं जमिनीत बोल्ट मारून पक्कं बसवलेलं. ती उचलून घरी आणता येत नाही, कुणाला देता येत नाही, ती त्या गिरणीवाल्या काकांची आणि तिथेच राहणार. ही मेथड. आता घरी आजीला कुणाच्या तरी हातात डबा द्यायचाय आणि पीठ परत घ्यायचंय. मग डबा घेऊन मी जायचे. आजीच्या दृष्टीने गहू माझ्या हातात दिले आणि पीठ माझ्या हातून आलं, म्हणजे दळणारी मीच. मी कोणाकडेही जाऊ शकते, शेजारच्या काकूंनी म्हटलं आमचा पण डबा ने तर त्यांचाही नेऊ शकते. हे फंक्शन, इटा-एक्स्पान्शनने बनलेलं. पण मी काही दळत नाही ना, मी फक्त गिरणीपर्यंत जाते. मला गिरणीचा पत्ता माहीत असावा लागतो आणि गिरणी चालू असावी लागते. मेथडपासून बनलेल्या फंक्शनच्या खिशात कायम मालकाचा पत्ता असतो, दिसत नाही, टाइपमधे लिहिलेला नसतो, पण असतो.

त्यातच एक बारीक गोष्ट. गिरणीशोध() नावाची मेथड आहे जी कुठलीतरी गिरणी शोधून देते आणि मग त्या गिरणीवर दळ ही मेथड आहे. गिरणीशोध().दळ _ असं लिहिलं तर गिरणी एकदाच शोधली जाते, फंक्शन बनतानाच, आणि पुढचे सगळे डबे त्याच गिरणीत. आणि गिरणीशोध().दळ(_) असं कंसात अंडरस्कोर लिहिलं तर प्रत्येक डब्याला नव्याने गिरणी शोधली जाते. एका कंसाचा फरक. शोधणं स्वस्त असेल तर काही बिघडत नाही, पण तिथे डेटाबेस कनेक्शन उघडत असेल तर लाख वेळा उघडेल.

बरं, मग फंक्शन म्हणजे नक्की काय वस्तू आहे? स्काला जेव्हीएमवर, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम ज्याच्यावर चालतात त्याच्यावर, चालते आणि जेव्हीएमला मोकळं फंक्शन माहीतच नाही, तिथे क्लास, ऑब्जेक्ट आणि मेथड एवढंच. तर तिप्पट हा खरं एक ऑब्जेक्ट आहे, फंक्शन१ या ट्रेटचा (ट्रेट म्हणजे जावातल्या इंटरफेससारखा साचा), आणि त्याच्यावर अप्लाय नावाची एक मेथड आहे. तिप्पट(५) लिहिलं की कंपायलर त्याचं तिप्पट.अप्लाय(५) करतो. म्हणजे फंक्शनच्या पोटात शेवटी मेथडच निघाली, फक्त तिचा मालक ते फंक्शन स्वतःच आहे. हे मला कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता, मी ऑफिसमधून घरी येताना बसमधे पूर्णवेळ तोच विचार करत होते. आणि ऑब्जेक्ट आहे म्हणून त्याच्यावर अजून मेथड पण आहेत, अँडदेन, कंपोज वगैरे, तिप्पट अँडदेन दुप्पट लिहिलं की सहापट करणारं नवीन फंक्शन मिळतं (आणि बघा, इथे दुप्पटचं फंक्शन आपोआप झालं, कारण अँडदेनला फंक्शन हवं होतं). उलट दुप्पट.अँडदेन असं थेट लिहायला गेलं तर स्काला २ ऐकत नाही.

आणि अप्लाय मेथड असली की झालं, मग ज्या गोष्टींना आपण फंक्शन म्हणतच नाही त्या पण फंक्शन निघतात. स्कालामधला मॅप, वरची मॅप मेथड नव्हे तर की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा साठा, हा फंक्शन आहे. मी भावाला एसटीडी कोडचं उदाहरण दिलं, "०२०" ला पुणे, "०२२" ला मुंबई, "०७१२" ला नागपूर, "०२३१" ला कोल्हापूर असा एक मॅप, नाव शहरं. आता कोडची यादी आहे आणि शहरांची यादी हवीय, तर कोड.मॅप(शहरं). एवढंच. लूप नाही, गेट नाही. मॅपच दिला फंक्शन म्हणून, कारण कोड आत शहर बाहेर हे फलनच आहे की. तसाच सेट, तो आत आहे का नाही हे सांगतो म्हणजे कशावरून तरी हो किंवा नाही देणारं फंक्शन झालं, आणि फिल्टरला नुसता सेट देता येतो. लिस्ट सुद्धा, इंडेक्स आत आणि घटक बाहेर. फक्त यात "०८३२" आला तर शहरं मॅपमधे गोवा टाकलेलं नाही त्यामुळे एक्सेप्शन येईल, मॅप हा पार्शल फंक्शन आहे, त्याला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. तिथे कोड.कलेक्ट(शहरं) वापरलं तर जे सापडतात तेवढेच घेतो आणि बाकीचे सोडून देतो. मला स्काला आवडायला लागली ती इथपासून.

हे दोन दोन प्रकार आले कुठून तर ते भाषेच्या जन्मातच आहे. मार्टिन ओडर्स्की यांनी २००१ मधे स्वित्झर्लंडमधे लोझानच्या ईपीएफएल या तंत्र विद्यापीठामधे स्कालाचं काम सुरू केलं आणि २००४ मधे ती बाहेर आली. त्याआधी त्यांनी जावाच्या जेनेरिक्सवर (एकच कोड वेगवेगळ्या टाइपवर चालवायची सोय) काम केलेलं होतं, म्हणजे जावा आतून बाहेरून माहीत असलेला माणूस. त्यांना ऑब्जेक्टवाली दुनिया आणि फंक्शनवाली दुनिया एकाच भाषेत आणायची होती, एक टाकून दुसरी नव्हे. ऑब्जेक्टवाल्या दुनियेतून मेथड आली, फंक्शनवाल्यातून फंक्शन आलं, आणि मधला पूल म्हणजे ते इटा-एक्स्पान्शन. हॅस्केल या निव्वळ फंक्शनवाल्या भाषेमधे हा प्रश्नच पडत नाही, तिथे असा मालक असलेला ऑब्जेक्टच नाही. जावात २०१४ ला जावा ८ बरोबर लॅम्डा, म्हणजे बिननावाची फंक्शनं, आले आणि दोन कोलन वापरून मेथडचं फंक्शन करायची सोय पण आली, तेव्हा तिथेही हाच पूल बांधावा लागला. मला स्वतःला एक गोष्ट स्कालाची जास्त आवडते की तिथे बाण हा टाइपचाच भाग आहे, इंट => इंट असं सरळ लिहिता येतं, जावात त्याच गोष्टीसाठी कुठल्या इंटरफेसचं नाव लिहायचं हे आठवत बसावं लागतं.

आता ते दोन आठवडे.

स्पार्क स्कालात लिहिलेलं आहे, २००९ मधे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मातेई झहारिया यांनी सुरू केलेलं. त्याची गंमत अशी की तुमचा मेन प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो एका मशीनवर असतो आणि डेटा बाकीच्या पन्नास मशीनवर. डेटा मोठा असतो म्हणून तो हलवायचा नाही, त्याऐवजी तुमचं फंक्शन त्या मशीनवर पाठवायचं. म्हणजे फंक्शनला बाइट्समधे बदलून नेटवर्कवरून धाडायचं, त्यालाच सिरियलाइझ म्हणतात. इथे फंक्शन ही वस्तू आहे हे पुस्तकी राहत नाही, ती खरोखर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते.

माझा एक क्लास होता, बिलं तपासणारा. त्यात वरती डेटाबेसचं कनेक्शन, लॉगर (काय चाललंय त्याच्या नोंदी लिहिणारा), स्पार्कचं कॉन्टेक्स्ट असं सगळं फील्डमधे ठेवलेलं, जावात ठेवायचे तसं नीटनेटकं. खाली एक छोटीशी मेथड, डेफ स्वच्छ(ओळ: स्ट्रिंग): स्ट्रिंग, ओळीतल्या जास्तीच्या स्पेस काढणारी, दोन ओळींची. आणि त्याखाली ओळी.मॅप(स्वच्छ). चालवलं तर एरर, टास्क नॉट सिरियलायझेबल. मला काही समजेना, मी स्पेस काढतेय फक्त, यात सिरियलाइझ न होण्यासारखं आहे काय? एररखाली तर माझ्या अख्ख्या क्लासचं नाव दिसत होतं.

मग मी जे सगळे करतात ते केलं. क्लासला एक्स्टेंड्स सिरियलायझेबल लावलं. तर आता डेटाबेस कनेक्शनचं नाव घेऊन तीच एरर. मग कनेक्शनवर ट्रान्झियंट लावलं, म्हणजे हे फील्ड पाठवू नको. एरर गेली, खूष झाले, पण नंतर अजून एक मेथड ते कनेक्शन वापरत होती ती तिकडच्या मशीनवर नल पॉइंटर देऊ लागली, आणि ते सुद्धा फक्त मोठ्या रनमधे, माझ्या लॅपटॉपवरच्या छोट्या टेस्टमधे ती मेथड कधी चालतच नव्हती. असे दोन आठवडे. एक ठिगळ लावलं की दुसरीकडे उसवायचं.

शेवटी आमच्या टीम लीड माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि एकच विचारलं, "हे स्वच्छ कोणाचं आहे?" मी म्हटलं म्हणजे? "म्हणजे मालक कोण त्याचा? मॅपला तू काय दिलंस असं तुला वाटतंय?" आणि त्यांनी माझ्या ओळीच्या शेजारी वहीत ते लिहून दाखवलं जे कंपायलर बनवतो, (ओळ) => धिस.स्वच्छ(ओळ). तो धिस मी कुठे लिहिलाच नव्हता. पण मेथड म्हटलं की तो आलाच.

म्हणजे बघा, डबा घेऊन जाणाऱ्या पोरीला परगावी पाठवायचंय, आणि तिच्या खिशात आपल्या गल्लीतल्या गिरणीचा पत्ता आहे. तिकडे जाऊन ती दळणार कशी? तर स्पार्क प्रामाणिकपणे अख्खी गिरणी उपटून ट्रकवर चढवायला बघतो, मोटार, पट्टा, विजेचं मीटर, सगळं. आणि विजेचं मीटर काही ट्रकवर चढत नाही.

उपाय दोन मिनिटांचा होता. स्वच्छ ला क्लासमधून काढून एका ऑब्जेक्टमधे टाकलं. स्कालामधे ऑब्जेक्ट हा कीवर्ड म्हणजे एकुलता एक, तो प्रत्येक मशीनवर स्वतःच तिथल्या तिथे तयार होतो कारण कोडची जार (कंपाइल केलेल्या कोडचं पुडकं) तर सगळीकडे गेलेलीच असते. म्हणजे प्रत्येक गावात तशीच गिरणी आधीपासून आहे, काही न्यायला नको. आणि जिथे मेथडला क्लासमधलं एखादंच फील्ड लागतं, समजा राज्याचा कोड, तिथे आधी मेथडच्या आत व्हॅल रा = राज्यकोड असं लोकल करून घ्यायचं आणि फंक्शनमधे रा वापरायचा. नुसतं राज्यकोड लिहिलं तर ते धिस.राज्यकोड असतं आणि परत अख्खा क्लास निघाला सोबत. म्हणजे इथे व्हॅलने लिहिलेलं फंक्शन पण आपोआप सुरक्षित नाही हे लक्षात घ्या, आतमधे मालकाच्या एका जरी फील्डला हात लावला तरी ते फंक्शन मालकाला धरून बसतं. डेफ की व्हॅल एवढ्यावर थांबू नका, आत कोणाचा धिस लपलाय ते शोधा.

ज्यांनी जावास्क्रिप्ट केलंय त्यांना उलटा अनुभव असेल, तिथे ऑब्जेक्टवरून मेथड काढून दुसऱ्याला दिली की ती मालकालाच विसरते, धिस भलताच होतो, म्हणून बाइंड करावं लागतं. स्काला विसरत नाही, घट्ट धरून ठेवते. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

अजून दोन तीन गोष्टी फोनवर राहून गेल्या त्या पटकन सांगते. डेफ तिप्पट = (क्ष: इंट) => क्ष * ३ असंही लिहिता येतं आणि ते बऱ्याच लोकांच्या कोडमधे दिसतं. हे काय आहे? ही मेथड आहे जी फंक्शन देते. प्रत्येक वेळी तिप्पट म्हटलं की मेथड चालते आणि मग फंक्शन हातात येतं. बाण दिसला म्हणून ते व्हॅलसारखंच आहे असं समजू नका, बाणाच्या आधी काही जड काम असेल, फाइल वाचणं वगैरे, तर डेफमधे ते दरवेळी होईल आणि व्हॅलमधे एकदाच. दुसरं म्हणजे क्लासमधे व्हॅल वरून खाली या क्रमाने भरल्या जातात, तर वरच्या ओळीत एखादं फंक्शन वापरलं आणि ते खाली व्हॅलने लिहिलेलं असेल तर त्या क्षणी ते नल असतं आणि चालवताना आपटतं. मेथडला क्रमाची भानगड नाही.

रिटर्नचं मात्र जरा थांबून सांगते कारण ते मला फार लागलं होतं. जावात लॅम्डाच्या आत रिटर्न लिहिलं की त्या लॅम्डातून बाहेर येतो, लूपमधल्या कंटिन्यूसारखं. मी त्याच सवयीने स्कालात ओळी.फॉरईच च्या आत लिहिलं की ओळ रिकामी असेल तर रिटर्न. साधी लिस्ट होती, स्पार्क नव्हतं (स्पार्क अशा ठिकाणी स्वतःच अडवतो, क्लोजरमधे, म्हणजे पाठवायच्या फंक्शनमधे, रिटर्न चालणार नाही म्हणून एरर देतो). इथे काही एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि एका फाइलमधल्या बाराव्या ओळीनंतरची सगळी बिलं गायब. बारावी ओळ रिकामी होती. स्कालामधे रिटर्न हा फंक्शनचा नसतोच, तो मेथडचा असतो! फंक्शनच्या आत लिहिला तरी तो बाहेरची जी मेथड आहे तिच्यातून बाहेर काढतो, आणि ते करायला आतून चक्क एक एक्सेप्शन फेकतो. त्यामुळे मधे कुठे कुणी सगळ्या थ्रोएबलना पकडणारा कॅच लावला असेल तर अजून वेगळाच घोळ. स्काला ३ मधे फंक्शनमधून असं बाहेर उडी मारण्यावर आता वॉर्निंग येते ते बरं झालं. पण तेव्हा तीन दिवसांची बिलं चुकीची गेली होती आणि ती मी एकेक करून परत चालवली, रात्री साडेअकरापर्यंत बसून, आणि तेव्हापासून स्कालात मी रिटर्न लिहितच नाही. शेवटचं एक्स्प्रेशन हेच उत्तर, फिल्टर आधी लावायचा, रिटर्नची गरज पडत नाही.

भावाने शेवटी विचारलं, मग मी लिहू काय, डेफ का व्हॅल. माझं मत विचाराल तर डेफ. नाव देऊन लिहायचं असेल, कोणी दुसरं वापरणार असेल, तर डेफ. मेथडला बरंच काही येतं जे फंक्शनला येत नाही, डिफॉल्ट आर्ग्युमेंट देता येतात, नाव लिहून आर्ग्युमेंट देता येतात, एकाच नावाच्या दोन मेथड वेगवेगळ्या टाइपच्या लिहिता येतात, आणि कुठल्याही टाइपवर चालेल अशी जेनेरिक मेथड लिहिता येते. फंक्शनला ते जेनेरिक होणं स्काला ३ येईपर्यंत जमत नव्हतं, आता जमतं पण लिहायला अवघड आहे. स्काला २ मधे तर फंक्शनला २२ च्या वर आर्ग्युमेंट घेता येत नाहीत, फंक्शन० पासून फंक्शन२२ पर्यंत तेवीस ट्रेट ठेवलेले आहेत आणि तिथे संपलं, स्काला ३ ने ती मर्यादा काढली. फंक्शन व्हॅलमधे तेव्हा ठेवावं जेव्हा ते खरोखर वस्तू म्हणून हवंय, यादीत ठेवायचंय, मॅपमधे नावाप्रमाणे नियम साठवायचेत, अँडदेनने साखळी करायचीय, कुठेतरी पाठवायचंय. आणि मेथडला फंक्शन व्हायला कंपायलर आहेच, एका अंडरस्कोरचं काम. काही लोक फंक्शनल भाषा शिकतोय म्हणून हट्टाने सगळं व्हॅल आणि बाणाने लिहितात, ते मला पटत नाही, त्याने कोड फंक्शनल होत नाही, वाचायला कठीण तेवढा होतो.

काल त्याने त्याचा इंटर्नशिपचा कोड पाठवला, टास्क नॉट सिरियलायझेबल त्यालाही आलीच होती. मी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "स्वतः बघ आधी, मालक कोण आहे?" वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला, "ताई, जिल्हानाव मधे धिस होता, लोकल व्हॅल केली, चाललं. पण लॉगर पण त्याच क्लासमधे आहे आणि तो मला मॅपच्या आत हवाय, आता तो कसा नेऊ?" ते आज रात्री फोनवर बसून करायचंय आम्हाला, त्याला म्हटलंय मोबाइल चार्ज करून ठेव.